त्याला सांगू नका

मानसोपचार विभागात अकरा वर्षं समाजसेविका म्हणून काढल्यावर माझी बदली कॅन्सर विभागात झाली. तिथे पहिल्याच महिन्यात एक ओळखीची बाई समोर येऊन बसली. घाटकोपरच्या एका शाळेत आया होती. तिच्या मुलाला स्किझोफ्रेनिया; तो माझा जुना पेशंट. नवरा कधीच गेलेला, घरात दोघंच.

आपल्याला काय झालंय हे तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मला म्हणाली, "ताई, त्याला सांगू नका. त्याचं डोकं परत फिरेल. ॲसिडिटी आहे म्हणेन मी."

मी हो म्हटलं. त्याला दोनदा ॲडमिट करताना मी पाहिलं होतं. भीती मलाही वाटत होती.

केमो सुरू झाली. तिचे केस गेले, जेवण तुटलं. एका दुपारी तिचा फोन आला. "त्याने माझ्या सगळ्या गोळ्या गटारात टाकल्या. म्हणतो, शेजारचे तुला विष देतायत. स्वतःच्याही घेत नाहीये."

मी रिक्षा करून गेले. दार आतून बंद. "बाळा, ताई आल्यात रे," असं ती विनवत होती. बऱ्याच वेळाने कडी निघाली. चौतीस वर्षांचा तो बाप्या दारात उभा होता. मी लादीवर बसले आणि तिच्याकडे पाहिलं. तिने हळूच होकारार्थी मान हलवली.

"आईला कॅन्सर आहे," मी त्याला म्हटलं. "केस औषधाने गेलेत. कोणी विष देत नाहीये."

तो तिच्या डोक्याकडे बघत राहिला. "बरी होणार?"

"बहुतेक नाही."

"मग आधी का नाही सांगितलं? मी येडा आहे म्हणून?"



त्याला महिनाभर पुन्हा ॲडमिट करावं लागलं. तेवढे दिवस तिने एकटीने काढले. परत आल्यावर मात्र सगळं त्यानेच केलं. पेज भरवली, गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या, तिचे पाय चेपले. सात आठवड्यांनी ती घरीच गेली. अंत्यविधीला बुद्धवंदना म्हणताना त्याचा आवाज एकदाही अडखळला नाही.

दोघांच्या हातात मोजकेच दिवस होते, त्यातला एक महिना माझ्या त्या होकाराने खाल्ला. आधी सांगितलं असतं तर तो सावरला असता की जास्तच कोसळला असता, मला आजही ठरवता येत नाही.

तो आता मुलुंडला मावशीकडे असतो. दर महिन्याला इंजेक्शनसाठी येतो. मी दिसले की मान हलवतो, बोलत नाही.