शून्यावरचं कुंकू

अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलजवळच्या त्या प्रयोगशाळेत यतीन पिंपळखुट्यांचा दरारा असा, की लेझरच्या टेबलाजवळ माणसं शिंकसुद्धा दाबून धरत. नागपूरचा हा गृहस्थ बारा वर्षं ते टेबल सांभाळत होता. कुणी बोट लावलं, की फळ्यावर नाव लागलंच: कोण, कशाला हात लावला, का. कॉफीचा मग ठेवला म्हणून प्रमुख डॉ. ब्रेननबाईंचंही नाव तीन वर्षांपासून तिथे होतं.

काम मोठं गमतीचं. समोरासमोर दोन इवले आरसे, मधे सेमीकंडक्टरचा पापुद्रा, त्यावर लेझर सोडायचा. प्रकाशाला डावा पीळ दिला, की आतल्या कणांच्या फिरक्या डावीकडे पळतात, उजवा दिला की उजवीकडे. पीळ ठरवते एक गोल चकती. ती शून्याच्या खुणेपासून मोजून फिरवायची; पाव वर्तुळ चुकलं, की पीळ उलटा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अनुदान देणारे पाहुणे आले. प्रयोग जमला तरच प्रकल्प पुढे चालणार होता. चकती फिरवायला केया होती, इथेच जन्मलेली विद्यार्थिनी.

बाई म्हणाल्या, "लेफ्ट." फिरक्या ऐटीत उजवीकडे गेल्या. "राइट" म्हटलं, तर डावीकडे! पाहुणे घड्याळं बघू लागले. बाईंनी केयाकडे असं पाहिलं, की पोरीच्या तोंडचं पाणी पळालं.

"यतीनकाका, आय स्वेअर, मी झीरोपासूनच मोजलं!"

यतीन रागारागानं वाकला आणि गारच पडला. चकतीवर कुंकवाचा ठसठशीत ठिपका! काल सगळे जेवायला गेले असताना त्यानंच टेबलाची पूजा केली होती. पायाला हळदकुंकू लावलं ते ठीक, पण भक्तीच्या भरात एक बोट चकतीलाही टेकवलं, ते नेमकं शून्यावर. खूण झाकली गेली, आणि बिचारी केया पाव वर्तुळावरची खूण शून्य समजून बसली.

गुपचूप पुसलं असतं तर कुणाला कळणार होतं? क्षणभर त्याला मोहही झाला. पण केयाचे डोळे भरले होते, आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"तिची चूक नाही. माझी आहे," तो सगळ्यांदेखत म्हणाला आणि ठिपका पुसला.

चकती पुन्हा लावली. फिरक्या सांगाल तिकडे पळू लागल्या. पाहुणे खूश होऊन गेले.

मग यतीननं फळ्यावर लिहिलं: यतीन. शून्याला. दसरा होता म्हणून.

ब्रेननबाई शांतपणे उठल्या, फडकं घेतलं आणि आपलं कॉफीवालं नाव पुसून टाकलं. फळ्याला हात लावू नका, असं म्हणायची यतीनची त्या दिवशी टाप नव्हती.