पिस्टनवरचं कुंकू

खरं सांगायचं तर या धाग्यावर मी आजवर फक्त हसायला येत होतो. कुणाला चकवा लागला, कुणाच्या मागे पैंजण वाजले... वाचायचं, मित्रांना पाठवायचं आणि खाली हसण्याचे इमोजी टाकायचे. मी नगरच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतं आणि शोधलं की ते सापडतं, यावर माझं पोट चालतं. भूतखेत, करणी, देवाचा कोप — एकावरही विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण जे झालं ते लिहितोय, आणि त्यात मला भीतीपेक्षा स्वतःची लाजच जास्त वाटते.

आमचं गाव पारनेर तालुक्यात, पठारावर. आमची वस्ती गावाच्याही वर. रस्ता म्हणजे मुरूम आणि धोंडे, म्हणून घरात फोर बाय फोर जीप. जुनी, डिझेलवरची, वडिलांनी घेतलेली. वडील गेल्यापासून ती दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, चालवतो. रोज सकाळी अख्ख्या वस्तीच्या दुधाचे कॅन डेअरीवर नेतो, येताना कुणाची पेंड आणतो, कुणाची म्हातारी दवाखान्यातून आणतो. त्याचं घर त्या जीपवर चालतं. मी नगरला राहतो आणि सणावाराला पाहुण्यासारखा जातो.

जीपला दम कमी, ही माझी जुनी तक्रार. दादाची नव्हती. त्याला कॅन न सांडता खाली उतरायचं असायचं, बास. पण मी वर्षभर मोबाईलवर ते व्हिडिओ बघत होतो, घरच्या घरी इंजिनाची ताकद कशी वाढवायची त्याचे. त्यात गेल्या दसऱ्याला आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने नगरबाहेरच्या डोंगरात जीप चढवायची स्पर्धा ठेवली. मग काय, माझ्या अंगात आलं!

दादाला म्हणालो, "दसऱ्याला मित्रांबरोबर फिरायला जीप नेऊ का?"

"ने की. इचारतो काय? तुझी पन हाय ती."

स्पर्धेचं बोललो नाही. पिशवीत नगरच्या भंगार बाजारातून आणलेली मोठ्या गाडीची नोझल्स होती, तेही बोललो नाही. नोझल म्हणजे इंजिनात डिझेलचा फवारा मारणारी तोटी. ती मोठी बसवायची, डिझेल पंपाचा सीलबंद स्क्रू जरा पिळायचा, एअर फिल्टर काढून हवा मोकळी करायची. डिझेल जास्त, ताकद जास्त... असा सगळा सोपा हिशोब.

हे करायला मला मिळाला तो दिवस खंडेनवमीचा. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं सगळं लोखंड धुऊन पुसून पाटावर मांडतात. कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार, दादाचा पान्यांचा सेट. हळदीकुंकू, झेंडू, नारळ. मग दुसऱ्या दिवशी सोनं लुटून होईपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. आई गेल्यापासून ही पूजा वहिनी करते.

वहिनीबद्दल एक सांगायला हवं. कडबाकुट्टीत तिच्या उजव्या अनामिकेचं टोक गेलेलं आहे. त्यामुळे ती कुंकू लावते तेव्हा गोल टिळा उमटत नाही, एका बाजूने सपाट उमटतो, अर्ध्या भाकरीसारखा. उंबऱ्यावर, गाईंच्या कपाळावर, पोरांच्या नव्या वह्यांवर... वस्तीवर कुणीही बघून सांगेल की हे तिचं बोट.

तिने जीपच्या बॉनेटला, स्टेअरिंगला कुंकू लावलं. बॉनेट उघडून इंजिनालाही वरून एक बोट लावलं आणि मला म्हणाली, "भावजी, उद्यापतोर पान्याला हात न्हाई लावायचा बरं का. आज हत्यारं निजल्यात."

"वहिनी, लोखंडाला झोप येत असती तर आमच्या कंपनीत रात्रपाळी कुणी केली असती?"

ती खळखळून हसली. दुपारी सगळे नवमीच्या होमाला गावात गेले. माझं डोकं दुखत होतं, म्हणजे मी तसं सांगितलं. जाताना वहिनी माझ्यासाठी चहा झाकून ठेवून गेली.

ते गेल्यावर मी पाटावरचे पाने उचलले, त्यांच्यावरचं हळदीकुंकू चिंधीने पुसून काढलं आणि कामाला लागलो. चारही नोझल्स बदलली. स्क्रू पिळला. इंजिनाचं हेड, म्हणजे पिस्टनांवरचं झाकण, उघडलं नाही, त्याची गरजच नव्हती. हे नीट लक्षात ठेवा. पाने परत होते तसे मांडले. त्यांच्यावर कुंकू मात्र पुन्हा लावलं नाही, माझ्या बोटाचा टिळा लगेच ओळखू आला असता.

दसऱ्याला सकाळी जीप अशी पळाली की विचारू नका. चढावर मागे काळ्या धुराचा लोट, आजूबाजूला पोरांच्या शिट्ट्या, माझा गावाकडचा मित्र विक्या व्हिडिओ काढतोय. अर्ध्या चढावर खडखडाट झाला, पांढरा धूर आला आणि इंजिन जागेवर जाम. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. ट्रॅक्टरने ओढून जीप नगरच्या गॅरेजला आणली. दादाला फोनवर एवढंच सांगितलं, "बंद पडली." तो म्हणाला, "तुला लागलं न्हाई ना? मग जाऊ दे."

इंजिन खोलायचं ठरलं त्या दिवशी दादा एसटीने आला. मी, दादा, विक्या आणि मिस्त्री, एवढेच होतो. मिस्त्रीने नट सोडवले आणि हेड उचललं. चौथ्या पिस्टनला वितळून भोक पडलं होतं. ते मला अपेक्षित होतं — डिझेल जास्त झालं की पिस्टन जळतो, हे मला त्या चढावरच कळलं होतं.

पण चारही पिस्टनांच्या माथ्यावर कुंकू होतं.

काजळीने काळेभोर झालेले पिस्टन आणि प्रत्येकावर खाली हळद, वर कुंकू, नुकतं बोट टेकवावं तसं ओलं. चौथ्यावर भोकाच्या अगदी काठाला. आणि प्रत्येक टिळा एका बाजूने सपाट.

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. मी बोट लावून पाहिलं. बोटाला लाल लागलं, त्याखाली पिवळं. हळदीचाच वास. ज्या जागी डिझेल पेट घेतं, जिथे लोखंड वितळलं, तिथे कुंकू ओलं!

आता तुम्ही म्हणाल, पान्यांवरचं कुंकू नोझलच्या भोकातून आत पडलं असेल. मीही तेच म्हणालो असतो. पण पडलेली पूड जळून जाते, तिचा टिळा होत नाही. आणि त्या भोकातून बोट सोडा, पेन्सिलसुद्धा धड जात नाही.

लाज वाटते ते यापुढचं.

मिस्त्रीने विचारलं, "हे कुणी केलं?" सगळे माझ्याकडे बघत होते. आता नोझलचा विषय निघणार, दादासमोर माझी अब्रू जाणार, हे मला दिसत होतं. मी म्हणालो, "ही आमच्या वहिनीच्या बोटाची खूण आहे." इथपर्यंत खरं होतं. तिथे थांबायला हवं होतं. पण मी पुढे म्हणालो, "नवमीला बॉनेट उघडून तिनेच काहीतरी केलं होतं."

आयुष्यभर करणीवाल्यांना हसणारा मी! स्वतःच्या अंगावर आलं तेव्हा दोन मिनिटंसुद्धा टिकलो नाही, आणि सापडली कोण, तर माझा चहा झाकून ठेवणारी बाई. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय.

मिस्त्रीने घाबरून लगेच डिझेलच्या फडक्याने सगळं पुसून टाकलं. पण विक्याने फोटो काढला होता. दुसऱ्या दिवशी तो आमच्या गावच्या ग्रुपवर होता आणि खाली माझं वाक्य, तिखटमीठ लावून. वस्तीवरच्या बायकांनी वहिनीला ओटी भरायला बोलवणं बंद केलं. कुणाची गाय आटली, ते तिच्यावर. कुणाचं पोर आजारी पडलं, ते तिच्यावर. दादाने कधी कुणावर संशय घेतला नाही, पण त्यानेही एकदा तिला विचारलं, "तू काय केल्तंस का?" हे मला तिनेच सांगितलं. सांगताना ती रडली नाही, आणि त्यामुळे मला तिच्याकडे बघवेना.

मी मग सगळं कबूल केलं. आधी दादाजवळ. तो म्हणाला, "इंजिनाचं सोड. घरच्या बाईला पुढं केलंस तू." मग डेअरीवर, लोक दूध घालायला येतात तिथे उभा राहून मोठ्याने सांगितलं की इंजिन माझ्यामुळे जळलं. जुनी नोझल्स, नवी नोझल्स, दोन्ही हातात धरून दाखवली. लोकांनी ऐकून घेतलं. एक म्हातारबाबा म्हणाले, "व्हय रं बाबा, इंजिन तू जाळलं असशील. पर मंग कुकू कुनी लावलं?"

बाबांनी मान डोलावली आणि कॅन उचलला.

वसुबारसेला मी गावी गेलो. जीप अजून गॅरेजलाच होती, दादा मोटरसायकलला दोन्हीकडे कॅन बांधून खेपा घालत होता. संध्याकाळी गाय-वासराची पूजा. शेजारच्या दोघीतिघी कुंपणापलीकडून बघत होत्या. वहिनीने ताट आणलं, गाईच्या पायावर पाणी घातलं, आणि कुंकवाची वेळ आली तशी ताट माझ्यापुढे धरलं.

"तुमी लावा, भावजी."

"वहिनी, असं नका करू. तुम्हीच लावा."

"नगं. माझं बोट लागलं आन् उद्या दूध नासलं, तर तुमी परत काय सांगाल?"

रागाने नाही म्हणाली. खरंच विचारत होती. मी गाईला कुंकू लावलं. माझ्या बोटाचा टिळा गोल उमटला.

इंजिन का जळलं ते मी कुणालाही कागदावर मांडून दाखवू शकतो. कुंकवाचं मात्र आजही काही सांगता येत नाही. वहिनीने ते लावलेलं नाही, लावताच येणार नाही, एवढं मला ठाऊक आहे. पण मग कुणी लावलं, हे जोवर मला सांगता येत नाही, तोवर माझ्या कबुलीला गावात काडीची किंमत नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल आणि यामागचं साधं, रुक्ष, पटण्यासारखं कारण सुचत असेल, तर कृपा करून इथे लिहा. मला माझ्या समाधानासाठी नकोय. मला ते डेअरीवर वाचून दाखवायचं आहे.