अंगणातली तीस पावलं

शितल सुट्टीला घरी आली की रूपाबाई ताठ चालायची. दोन वर्षांपूर्वी हळदीचं पोतं उचलताना ती पडली आणि डावा खुबा कामातून गेला, हे सगळ्या तांड्याला ठाऊक होतं. पण लेकीजवळ कुणी तोंड उघडायचं नाही, असा तिने दम भरला होता. नवऱ्यामागे एकटीने शिकवलेली पोरगी नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. आईचं दुखणं कळलं असतं तर गाशा गुंडाळून घरी आली असती.

२००७ साली शितल कॉलेजचा कॅमेरा घेऊन आली. माणसाची चाल बघून लंगडतंय कोण हे कॉम्प्युटरने आपलं आपण ओळखायचं, असा तिचा प्रोजेक्ट. त्यासाठी आधी त्याला पुष्कळ जणांची चाल दाखवायची. रूपाबाईने घरोघर फिरून चाळीस माणसं गोळा केली. शूटिंग म्हटल्यावर मंडळी लग्नाला निघाल्यासारखी नटून, कोऱ्या चपला घालून हजर! चपला चावत होत्या. कॉम्प्युटरने अर्धा तांडा लंगडा ठरवला आणि सरांनी विषय बदलायला सांगितलं.

रूपाबाई हट्टाला पेटली. पुढच्या रविवारी तिने सगळ्यांना अनवाणी उभं केलं. पुंजाजी कुरकुरला, तर त्याच्या चपला काढून छपरावर फेकल्या. शेवटी लेकीने तिलाही चालायला लावलं. नाही कसं म्हणणार? कळ सोसत, दात आवळून ती अंगणात तीस पावलं ताठ चालली.

आठ दिवसांनी शितल तोंड पाडून आली.

"याडी, मशीननं सगळी बराबर वळखली, पोलिओवाला खेमासुद्धा. तुला तेवढं लंगडी म्हणून राहिलं. सर म्हणले, आईचीच चाल वळखायला चुकते, तर बाकीच्यांचं काय खरं?"

उद्या ती प्रोजेक्ट मागे घेणार होती.

रूपाबाई चुलीपुढे बसली होती. दोन वर्षं जपलेलं आता जाणार, याचं तिला वाईट वाटलं. पण पोरीचं बरोबर असताना तिला कुणी चूक म्हणावं, हे तर मुळीच सोसेना. ती उठली आणि रोज चालायची तशी, डावा पाय ओढत, अंगणभर चालली.

शितलला रडू फुटलं. "काहून सांगितलं न्हाई?"

"तू शिक्षण सोडून आली असतीस म्हणून. सरांना सांग, मशीन बराबर हाय, माय खोटी व्हती. परीक्षा झाली की दवाखान्यात जाऊ. आधी न्हाई."

सकाळी लेकीला एसटीत बसवायला ती फाट्यापर्यंत लंगडतच गेली.