टाकणारीची बॅट

आमच्या कॉव्हेंट्रीच्या मंडळाची उन्हाळ्यात पार्कात सहल असायची. पुरुष क्रिकेट खेळायचे, आम्ही बायका सतरंजीवर डबे राखत बसायचो. एका वर्षी मंडळाचे अध्यक्ष अमेरिकेला भावाकडे जाऊन आले. येताना बेसबॉलची बॅट, चेंडू झेलायचा चामड्याचा हातमोजा आणि पुष्कळ अक्कल घेऊन आले. त्या सहलीला बेसबॉल.

माझी मुलगी शाळेत राउंडर्स खेळायची, तो इथला बेसबॉलसारखाच खेळ. तिच्यासारखा चेंडू कोणालाच टाकता येत नव्हता, म्हणून अध्यक्षांनी तिला आपल्या बाजूला घेतलं. पण बॅट काही तिच्या हातात येईना. तिचा नंबर आला की अध्यक्षच बॅट घेऊन उभे. म्हणे, अमेरिकेत टाकणाऱ्याच्या जागी दुसराच मारतो, टाकणाऱ्याचा हात जपावा लागतो. त्याच हातानं सकाळी तिनं माझ्याबरोबर सगळ्यांच्या पुऱ्या लाटल्या होत्या. तेव्हा कोणाला तो हात जपावासा वाटला नाही.

बरं, अध्यक्षांचा गुडघा दुखायचा. म्हणून चेंडू अडवायला ते नाहीत, आणि पळायला क्रिकेटातल्या रनरसारखा त्यांचा मेव्हणा उभा केलेला. खेळाडू म्हणजे नुसतं पोट आणि बॅट. तीही चेंडूला लागत नव्हती.

दोनदा असं झाल्यावर मुलीनं हातमोजा काढून त्यांच्या पायाशी ठेवला.

"काका, मग बॉल टाकायला पण माझ्या जागी दुसरं कोणीतरी घ्या."

"अगं, तो रूल आहे."

"मग तुम्ही टाका ना."

त्यांनी टाकले. एक चेंडू झाडात गेला, एक आमच्या कोशिंबिरीत. असे चार चेंडू बाहेर गेले की मारणाऱ्याला फुकट पुढे जाता येतं, म्हणून समोरचे लोक बॅट न हलवता चालत चालत धावा काढू लागले, तेव्हा कुठे बॅट माझ्या मुलीच्या हातात आली. तिनं तीनदा हवेत फिरवली आणि बाद झाली. हसत येऊन माझ्याशेजारी बसली.

जेवायच्या वेळी अध्यक्ष ताट घेऊन माझ्यासमोर आले. "पाहिलंत ना वहिनी, म्हणूनच तो नियम आहे."

माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यात चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. त्या दिवशी कसं उघडलं कोण जाणे.

"मग भाऊजी, तुमच्या जागी जेवायला मेव्हणेच बसणार ना?"

मुलगी इतकी हसली की तिला ठसका लागला. अध्यक्षांनी मान खाली घालून पुऱ्या घेतल्या. जेवणानंतर खेळ पुन्हा सुरू झाला. मुलीचा नंबर आला तेव्हा ते खुर्चीतून उठले नाहीत. ती पुन्हा बाद झाली.