छपराची होडी

एक गोष्ट आधी पक्की करून घेऊ, मग पुढचं सांगतो. मक्याची होडी मी काढली. आमच्या गावात आज असे बरेच भेटतील, जे छाती पुढं करून म्हणतील की ही आयडिया त्यांच्या डोक्यातली. खोटं आहे. डोकं माझं, हात माझे, आणि नंतर जे झालं त्याच्या शिव्याही मीच खाल्ल्या. शिव्यांवर मात्र अजून कोणी हक्क सांगायला आलेलं नाही, हे बघून ठेवा.

मी खामगावात डिप्लोमाला होतो, सिव्हिलला. सोडला. का सोडला ते विचारू नका, घरच्यांनीही विचारलं नाही. त्यांनी परस्पर ठरवून टाकलं की पोट्टं बाद झालं. त्यानंतर मी घरात तोंड उघडलं की मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, खाटेवरूनच म्हणायचे, "ऐका बाप्पा, इंजिनेर बोलून राह्यले." आणि बाबा हसायचे. मोठ्या भावाच्या विनोदाला हसणे ही आमच्या बाबांची जन्मभराची नोकरी आहे. पगार नाही, सुट्टी नाही.

या मोठेबाबांविषयी थोडं सांगतो, कारण पुढं ते लागतील. माणूस रोज वावरात येतो. वावरात म्हणजे कोठ्यात. वावराच्या कडेला आमचा बैलांचा कोठा आहे, वर नालीदार पत्रे, खाली मोठेबाबांची खाट. त्या खाटेवर बसून ते शेती करतात. मी जन्मल्यापासून त्यांना एक कणीस मोडताना पाहिलेलं नाही, पण कणीस कसं मोडायचं ते दर हंगामात ऐकलंय.

कोठ्याचे पत्रे त्यांनीच बसवलेले. बसवले म्हणजे काय, ठेवले. एक खिळा नाही, वर नुसते दगड. मी डिप्लोमाला असताना म्हणालो होतो की हे नीट ठोकून घेऊ, वारं आलं तर उडतील. तर मोठेबाबा म्हणाले, "ठोकाचे कायले? असेच बरे. लागले तं काढता येतात."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं होतं.

तर त्या वर्षी वावरात मका होता. दिवाळी होऊन गेली तरी पाऊस जायला तयार नाही. धांडे उभे वाळलेले, कणसं खाली माना टाकून लोंबतायत, आणि जमीन अशी की पाय टाकला तर पाय निघतो, चप्पल राहते. काळ्या मातीचा चिखल तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आणि माहीत नसेल तर सांगून उपयोग नाही. एक कणीस सोलून पाहिलं तर टोकाच्या दाण्यांना पांढरे कोंब. उभ्या धांड्यावर मका उगवायला लागला होता.

मी म्हणालो, "बाबा, मका काढावा लागते."

बाबांनी मोठेबाबांकडं पाहिलं. मोठेबाबांनी आभाळाकडं पाहिलं. आभाळ कोठ्याच्या पत्र्यामुळं दिसत नव्हतं, तरी पाहिलं. मग म्हणाले, "वावर वाळू दे."

"वाळू दे," बाबा म्हणाले.

झाली ग्रामसभा.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर मीही गप्प बसलो असतो. पण आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून सुखदेव काकांचं वावर. हा माणूस रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला बरोबर कोठ्यात उगवतो. माझ्यासमोर बसून, माझ्याच आईनं केलेला चहा बशीत ओतत तो बाबांना म्हणाला, "पुढच्या साली वावर मले बटईनं देऊन टाका. मी पेरतो, अर्धं पीक तुमचं. पोराच्यानं काय होते? उभा मका निघून नाई राह्यला त्याच्यानं."

मला वाटलं बाबा काहीतरी बोलतील. बाबा म्हणाले, "पाहू."

आमच्या घरात "पाहू" म्हणजे हो असतं. म्हणजे मका घरी आला नाही तर वावर सुखदेव काकांचं, आणि मी पुण्याला कुठल्या तरी कंपनीच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा. त्या रात्री मी ठरवलं, मका काढायचा. चिखल आहे तर आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी झकास ऊन पडलं. मी मोबाईलवर हवामान बघितलं. दुपारनंतर पाऊस, गारांची शक्यता. मी कोठ्यात जाऊन मोठ्यानं वाचून दाखवलं.

"आपल्या गावात काय होते ते मोबाईलले काय समजते बे?" मोठेबाबा म्हणाले. "बाहेर पाय, ऊन कसं हाय."

"येईन पाऊस. लिहून घ्या."

मी हे आईला सांगितलं, मजूर बायांना सांगितलं, रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही सांगितलं. त्या दिवशी पाऊस येणार हे आख्ख्या शिवारात ठामपणे माहीत असलेला मी एकटा माणूस होतो. हेही लक्षात ठेवा. हे मात्र मी ठेवलं नाही.

आई आणि बाया कणसं मोडायला लागल्या. मोडलेली कणसं बाहेर काढायची कशी? ट्रॅक्टरवाल्यानं वावर बघून तोंड फिरवलं. बैलगाडी घातली तर पहिल्याच सरीला आसापर्यंत रुतली. मग मी पोतं पाठीवर घेतलं, दहा पावलं गेलो आणि पोत्यासकट चिखलात बसलो.

कोठ्यातून आवाज आला, "इंजिनेर बसले."

आणि बाबांचं हसू. नोकरीवर हजर.

पण बसलो म्हणूनच दिसलं. आई कणसांनी भरलेलं घमेलं डोक्यावर न घेता पायानं पुढं ढकलत होती आणि ते चिखलावरून लोण्यावरून सरकावं तसं सरकत होतं. आणि पलीकडं गाडीतून सोडलेले बैल त्याच चिखलातून आरामात चालत होते. रुतत होतं ते चाक. मग चाक पाहिजेच कशाला? एवढं मोठं घमेलं मिळालं तर?

घमेल्यापर्यंतचं श्रेय आईचं. पुढचं सगळं माझं.

मी कोठ्याच्या मागच्या अंगानं वर चढलो, दगड बाजूला सारले आणि दोन पत्रे काढले. लागले तं काढता येतात. मला लागले होते. संध्याकाळी परत ठेवू, त्यात काय? दोन्ही पत्रे तारेनं जोडले, पुढची कड दगडानं ठोकून वर वळवली, भोकं पाडली, दोर ओवला आणि बैलांना जुंपला. एक बारकावा सांगतो, हा कोणाला सुचला नसता. पत्र्याच्या नाल्या ओढायच्या दिशेनं ठेवायच्या. मग होडी सरळ जाते, बाजूला घसरत नाही. आडव्या ठेवल्या की चिखलाचा नांगर होतो.

गेली. चार पोत्यांचा माल घेऊन होडी अशी गेली की बैलांनीच मागं वळून पाहिलं, काही ओढतोय की नाही म्हणून. बाया कामं सोडून बघत उभ्या. बाबा धुऱ्यावर आले, कमरेवर हात ठेवून होडीच्या दोन खेपा पाहिल्या आणि म्हणाले, "पत्रा बैलाच्या पायाले लागू देऊ नको."

तुम्हाला हे साधं वाटेल. आमच्या बाबांच्या भाषेत हा शाल-श्रीफळ देऊन सत्कार आहे.

दुपारपर्यंत आमचा सगळा मका कोठ्यात. आमची एकच ताडपत्री होती. बाबांनी विचारलं, वर टाकायची की खाली? मी म्हणालो, "खाली हातरा. जमिनीतून ओल येते. वरून काय येते? वर तं छत हाय."

हे माझ्या तोंडचे शब्द आहेत. साक्षीदार आहेत.

तोवर शिवारात बोभाटा झाला होता. लोक बघायला आले. सगळ्यांचा मका तसाच अडकलेला. जो तो विचारतो, पत्रे कुठून आणू? मी म्हणालो, "तुमच्या कोठ्यावरून काढा. आमचे मोठेबाबा म्हणतात, लागले तं काढता येतात."

मोठेबाबांनी खाटेवरून मान हलवली. जन्मात पहिल्यांदा मी त्यांचं वाक्य लोकांत वापरलं होतं. फुलून गेला म्हातारा.

मग काय, मला क्षणाची उसंत नाही. ह्याची कड वळवून दे, त्याच्या नाल्या तपास, तिसऱ्याला दोर कसा बांधायचा दाखव. ज्यांनी मला बाद ठरवलं होतं ते "पाय ना लेका जरा" म्हणत मागं मागं फिरत होते. शेवटी सुखदेव काका आले. यांच्या कोठ्यावर पत्रे नाहीत, कौलं. खाली मान घालून म्हणाले, "तुह्यी होडी दे ना घंटाभर."

"घ्या ना काका," मी म्हणालो. "बटईनं देतो."

हे बोलायला मिळावं म्हणून मी डिप्लोमा अजून दोनदा सोडला असता.

होडी गेली सुखदेव काकांकडं, आणि मी कोठ्यात आलो. आत मक्याचा पिवळाधमक ढीग, अगदी आढ्याजवळ पोचलेला. मोठेबाबा खाट ओढून ढिगाला लागून पार मागच्या अंगाला बसलेले, अंगावर गोधडी.

"इकडं काऊन सरकले?" मी विचारलं.

"अथी ऊन मस्त येऊन राह्यलं," ते म्हणाले. "थंडीचं बरं वाटते."

"हाव, आज कोठ्यात उजेड लय चांगला हाय," बाबा म्हणाले.

आता तुम्ही म्हणाल, तिघांपैकी एकानं तरी मान वर करायची की नाही? म्हाताऱ्यांचं सोडा. त्यांना आयतं ऊन मिळालं तर ते कुठून आलं हे विचारायची त्यांची रीतच नाही. पण मी? मी मक्याच्या ढिगावर चढून राजासारखा बसलो होतो, गावानं अजून काय काय म्हणावं याचा विचार करत. ऊन माझ्याही टाळक्यावर पडत होतं. मला वाटलं, कौतुकाची ऊब आहे.

मग ऊब गेली. अंधारून आलं. मी आनंदानं ओरडलो, "बघा, म्हणलं होतं ना, येईन म्हणून."

आणि शिवारातली पहिली गार पडली ती टणकन माझ्या डोक्यावर.

दुसरी मोठेबाबांच्या. तेव्हा आम्ही दोघांनी एकाच वेळी वर पाहिलं.

"पत्रे कुठं हायेत बे?" मोठेबाबा म्हणाले.

पत्रे सुखदेव काकांच्या वावरात मका वाहत होते. ताडपत्री ढिगाच्या खाली होती. आणि वरून लिंबाएवढ्या गारा, बरोबर दोन पत्र्यांच्या मापात, सरळ मक्यात. तेवढ्यात आई धावत आत आली, वर पाहिलं, ढिगाकडं पाहिलं आणि म्हणाली, "खाट उचला, खाट."

खाट उचलायची कल्पना आईची. उचलली मी. मोठेबाबांना खाली उतरवलं, खाटेवर त्यांचीच गोधडी पसरली, आणि मी ती डोक्यावर घेऊन ढिगावर उभा राहिलो. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं. बाबा बैलांना आणायला पळाले होते, आई खाली ओली कणसं बाजूला सारत होती. मोठेबाबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा मक्याकडं, आणि चक्क ढिगावर चढले. मी त्यांना मक्याला हात लावताना पहिल्यांदाच पाहत होतो, तेही दोन्ही हात आणि गुडघ्यांनी. दुसरं टोक त्यांनी धरलं.

"हाल नको बे."

"तुम्ही हालून राह्यले."

"मी बुढा हावो, मी हालीन. तू नको हालू."

खाटेवर गारांचा ताशा वाजत होता. दारातून बाहेर पाहिलं तर शिवार पांढरं. सिनेमात बर्फाचे डोंगर दाखवतात ना, तसं. धुरे पांढरे, चिखल पांढरा. ज्यांचा मका अजून उभा होता त्यांचे धांडे आडवे झोपलेले. आणि सगळ्या कोठ्यांतून बोंब ऐकू येत होती. नीट कान दिला तर तिच्यात माझं नाव होतं.

गारा विरळ झाल्या तसे त्या पांढऱ्यातून पत्रे चालत यायला लागले. खरंच सांगतो, आधी पत्रेच दिसले. जो तो आपली होडी डोक्यावर छत्रीसारखी धरून आमच्या कोठ्याकडं निघालेला, मला हाणायला. सगळ्यांत पुढं सुखदेव काका, माझ्या होडीखाली. कोठ्यात येऊन ते बोलायला लागणार, तेवढ्यात त्यांना ढिगावर आम्ही दोघं दिसलो, खाट डोक्यावर घेऊन. त्यांनी होडी हळूच दाराशी टेकवली.

बाबा बैल बांधून आत आले. गारांनी कपाळ सुजलेलं. त्यांनी ढिगात हात खुपसला. वरचा थर ओला, खाली सगळं कोरडं. मग दारातून लांबवर झोपलेल्या धांड्यांकडं पाहिलं. आज सकाळी "वाळू दे" म्हणून थांबलो असतो तर आमचेही तसेच झोपले असते. हे मी बोललो नाही. माझे हात वर होते आणि वाऱ्याचा भरवसा नव्हता.

"सुखदेव," बाबा म्हणाले, "वावर बटईनं नाई द्याचं. पोट्टं करीन."

मोठेबाबांकडं न बघता म्हणाले. मी ऐकलंय, आईनंही ऐकलंय. खाटेखाली माझी छाती इतकी फुगली की मोठेबाबांना जागा कमी पडली असेल.

मग बाबांनी वर भोकाकडं पाहिलं. पुन्हा बारीक गार सुरू झाली होती. माझ्या कॉलेजविषयी त्यांनी आयुष्यात विचारलेला हा पहिला प्रश्न.

"छत कोणत्या सालाले शिकवतात रे?"

"तिसऱ्या," मी म्हणालो.

"अन् तू?"

"दुसऱ्यात सोडलं."

मोठेबाबांनी सावकाश आपल्या बाजूचा हात काढून घेतला, ढिगावरून खाली उतरले, धोतर झटकलं आणि म्हणाले,

"मंग धर खाट."