सर्जेरावांनी बंद केलेलं इंजिन

वैजयंताचा डोळा लागतोय न लागतोय, तोवर स्वयंपाकघरात पाना पडल्याचा आवाज येतो. शनिवारची दुपार. भांडी घासून ती आत्ता कुठं बाहेरच्या खोलीत सतरंजीवर आडवी झालीय. मांजर असेल मेलं, असं म्हणून ती कूस बदलते. मग कुणीतरी घसा खाकरतं. मांजर काही असा घसा खाकरत नाही.

ती उठते. म्हणजे आपण उठलो असं तिला वाटतं. आत जाऊन बघते तर जेवणाच्या टेबलापाशी सर्जेराव! अकरा महिन्यांपूर्वी गेलेला नवरा, अंगात तेच भोकं पडलेलं बनियन, आणि समोर तेच ते साडेतीनशे सीसीचं मोटरसायकलचं इंजिन.

"चहा टाक," सर्जेराव म्हणतात.

"अकरा महिन्यांनी तोंड दाखवताय, आणि पहिला शब्द चहा?"

"आणि तो दहाचा पाना कुठं ठेवलास गं? माझ्या वस्तूंना हात लावू नको म्हणून किती वेळा सांगितलं."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. ह्या माणसाची मेल्यावरही गेलेली नाही. सत्तावीस वर्षं वैजयंतानं हेच सोसलं. साध्या गाड्या कोल्हापुरातल्या गॅरेजात, पण शर्यतीच्या गाडीचं इंजिन आलं की ते घरी, कारण गॅरेजात धूळ असते म्हणे. मग तिच्या फ्रिजात मटारच्या पिशवीशेजारी बेअरिंगं गारठवायची. तिच्या ओव्हनमध्ये इंजिनचं केसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, तापवायचं, आणि पुढचा महिनाभर नानकटाईला ऑइलचा वास. बेळगावहून, सांगलीहून लोक इंजिन घेऊन यायचे आणि म्हणायचे, वहिनी, दादांच्या हातात जादू आहे. जादू दादांच्या हातात आणि काळे डाग वहिनींच्या टेबलक्लॉथवर!

हे शेवटचं इंजिन लेकीसाठी होतं, नंदूसाठी. एका संध्याकाळी सर्जेरावांनी ते पुरं करून बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाला न सांगता परत उघडलं, वरची दोन सिलिंडरं काढून बाजूला ठेवली, आणि पाना हातात असतानाच खुर्चीत कलंडले. हृदय बंद पडलं. पुरं झालेलं इंजिन परत का उघडलं, ते कुणालाच कळलं नाही.

वैजयंतानं ते स्वतः जोडलं. सत्तावीस वर्षं शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी राहिलेली बाई, तिला काय येत नाही? वरचा भाग तिनं तीनदा खोलून तीनदा बसवला. खालच्या भागाला मात्र हात लावला नाही. तो त्यांनी स्वतः बंद केलेला होता. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते. आणि उद्या नंदू त्यावर शर्यतीत उतरणार. आत काही राहून गेलं असेल आणि भर वेगात इंजिन जाम झालं, तर मागचं चाक जागच्या जागी आवळलं जाईल आणि पोरगी फेकली जाईल. आठवडाभर बाईला धड झोप नाही, ती ह्याच भीतीनं.

"एकच विचारते, सरळ उत्तर द्या," ती म्हणते. "बंद केलेलं इंजिन परत का उघडलंत?"

"दूध हाय का घरात?"

ती चरफडत फ्रिज उघडते. आत खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, पंचगंगेच्या घाटाच्या. ती उतरते. तिचे पोह्याचे, डाळीचे, रव्याचे सगळे स्टीलचे डबे पायऱ्यांवर ओळीनं मांडलेत, आणि प्रत्येकात नटबोल्ट भरलेत. सर्जेराव तिच्याआधीच शेवटच्या पायरीवर बसून पिस्टन धुतायत.

"अहो, नदीत रॉकेल? लाज आहे का काही?"

"जरासंच हाय."

"उत्तर द्या मला!"

"पिस्टन बघ कसा चकाकतोय."

ताकास तूर लागू देईल तर शपथ! वैजयंता कपाळाला हात लावून त्यांच्याशेजारी बसते. आणि अकरा महिने जे कुणाजवळ बोलली नाही, ते तिच्या तोंडून बाहेर पडतं.

"मी ओरडले म्हणून ना? पाहुणे येणारेत, हा पसारा उचला, म्हणून मी डोकं खाल्लं. तुम्ही घाईघाईनं सगळं मिटवलंत. घाईत काहीतरी चुकलं, म्हणून सकाळी उठून परत बसलात. मी गप्प राहिले असते तर झोपला असता तुम्ही. असता आज."

ती तोंड नदीकडं फिरवते. ह्या माणसापुढं रडायचं तिला मुळीच आवडत नाही.

"पाहुणे कोण येणार हुते?" सर्जेराव विचारतात.

"तुमचीच बहीण!"

"आगं आई गं. मग सुटलो म्हणायचं."

"मारीन हं मी!"

"आगं, पण पसारा उचला एवढंच म्हणालीस व्हय तू? आणखी काय म्हणालीस, आठव की."

तिला आठवतं. ती ओट्याशी भाकरी थापत होती, पाठ टेबलाकडं. मागं सर्जेराव बंद केलेलं इंजिन हातानं फिरवून बघत होते. आणि भाकरी परतता परतता ती म्हणाली होती, अहो, आत काहीतरी घासतंय.

"तुम्ही म्हणालात, तू तुझी भाकरी बघ."

"म्हणालो खरा." सर्जेराव पिस्टन उलटासुलटा करत राहतात. "रातभर डोळ्याला डोळा न्हाई लागला माझ्या."

"का?"

"घासत हुतं ते."

आता घाट नाही. मांडव आहे, त्यांच्या लग्नातला, लाल-पिवळ्या कनातींचा. वऱ्हाडी हातात अक्षता घेऊन उभे आहेत. अंतरपाटापलीकडं पाटावर इंजिन ठेवलंय. सर्जेराव मुंडावळ्या बांधून वाकलेत. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या केसिंगला टेकवतात आणि मूठ तिच्या उजव्या कानावर दाबतात. आतलं बारीक ऐकायचं असलं की मिस्त्री लोक असंच ऐकतात. दुसऱ्या हातानं ते इंजिन फिरवतात.

"ऐक."

खर्र. मग शांत. मग परत खर्र. दर फेऱ्याला एकदा, अगदी खालून.

"हे तर खाली आहे," ती म्हणते.

"मग खालचं उघड."

"ते तुम्ही बंद केलंय हो. तुमच्या हातचं शेवटचं काम आहे ते."

"तेच तर चुकलंय!" सर्जेराव आता खरेच वैतागतात. "देवघरातल्या देवागत काय जपून ठिवलंयस ते? पोरगी बसणार हाय त्याच्यावर. उघड की!"

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत? तुझं बरोबर आहे, एवढं म्हणायला काय जीव जात होता?"

"आता आलोय की सांगायला," सर्जेराव म्हणतात, आणि लगेच मान फिरवून भटजींना ओरडतात, "हां, होऊ द्या पुढं!"

"आई! ए आई, ऊठ!"

नंदू तिचा खांदा हलवतेय. साडेचार वाजलेत. इंजिन न्यायला टेम्पो दारात उभा आहे, आज रात्री ते गाडीत बसायला हवं.

वैजयंता उठून स्वयंपाकघरात जाते. टेबलाशी वाकून डावा कान केसिंगला लावते आणि इंजिन हातानं सावकाश फिरवते. एक फेरा, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसरा ती आणखी सावकाश घेते, श्वास धरून. खर्र.

"टेम्पो परत पाठव," ती म्हणते.

"म्हणजे? उद्या शर्यत आहे आई!"

"पुढच्या वर्षी उतर. मला हे खालपासून उघडायचंय."

"खालचं कशाला? खालचं बाबांनी बसवलंय!"

"तुझ्या बाबांनी चुकीचं बसवलंय," वैजयंता म्हणते. असं मोठ्यानं म्हणता आल्यावर तिला हसू येतं, आणि हसता हसता डोळे भरून वाहायला लागतात. नंदू घाबरून जवळ येते, आईचे केस मागं सारते आणि थबकते.

"आई, तुझ्या उजव्या कानाला काय लागलंय? गोल, काळं. ऑइल आहे हे."

वैजयंता बोट लावून बघते. ओलं आहे अजून. नंदू ओढणीचं टोक पुढं करते, तसा ती तिचा हात धरते.

"पुसू नको," ती म्हणते. "पाना दे इकडं."