उषाबाईची मशेरी

पांडेसऱ्याच्या चाळीत बोभाटा झाला, की उषाबाई सिगार ओढते. साफ खोटं! ओढली नाही हो, तिने ती तव्यावर भाजली, कुटली आणि मशेरी करून दातांना लावली.

तिचा नवरा धुडकू कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये शेठचा शिपाई. बड्या गिऱ्हाइकासाठी आणलेली उंची सिगार शेठने त्याच्याकडे सांभाळायला दिली, तर हा बहाद्दर ती खिशात विसरून घरी आला. उषाबाई पडली खानदेशची. घरात तंबाखू दिसली की हात तव्याकडेच जाणार!

सकाळी शेठची गाडी दारात.

"धुडकू, सिगार क्यां छे?" सिगार कुठे आहे, असं शेठने गुजरातीत दरडावून विचारलं.

धुडकू खिसे चाचपू लागला. आता नोकरी जाणार, हे उषाबाईलाही कळलं. "ही घ्या तुमची सिगार," म्हणत तिने मशेरीची डबी पुढे केली. अख्खी चाळ दारांआडून कान टवकारून उभी. शेठने डबी उघडून हुंगली.

"कशी लागली, ते तरी सांग!" तो दात-ओठ खात म्हणाला.

"मऊ आहे, शेठ. ना कडक, ना फिकी, मागून जराशी गोड. पण माणसाची नोकरी जावी एवढी काही भारी नाही!"